मोजायच्या त्या वाट्या, दाणे नव्हेत

या वेळचं पत्र:

‘मॅडम, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. आमचा पाच जणांचा ग्रुप. प्रोजेक्टला मटकी घेतली. नळाचं, बोअरचं आणि आरओचं अशी तीन पाणी, आणि मोड कशात लांब येतात ते बघायचं. तीन वाट्या, प्रत्येकीत 50 दाणे. तिघांनी एकेक वाटी मापली. एकाने अनोव्हा लावला तर पी-व्हॅल्यू 0.07 आली. मग त्याने “विचित्र दिसणारे” चार दाणे काढून टाकले, ती 0.03 झाली. मोड न आलेल्या दाण्यांपुढे कुणी शून्य लिहिलंय, कुणी रकाना कोरा सोडलाय. मैत्रीण म्हणते 0.03च लिहू. दुसरा मुलगा म्हणतो अजून 50-50 दाणे टाकू. पाचवा क्रिकेटच्या प्रॅक्टिसला असतो, तो थेट व्हायवाला उगवणार. सगळं माझ्या गळ्यात आलंय. सबमिशनला तीन आठवडे आहेत. काय करू? – मटकीला कंटाळलेली, सातारा’

प्रिय कंटाळलेली,

मटकीला दोन रात्री लागतात आणि तुझ्याकडे तीन आठवडे आहेत. प्रयोग पुन्हा करा. 0.07 की 0.03 हे भांडण मिटवायच्या फंदात पडू नकोस. (इतर वाचकांसाठी: अनोव्हा ही अनेक गटांच्या सरासरींतला फरक तपासायची चाचणी. पी-व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता; ती 0.05 च्या खाली आली की फरक ठळक मानायची रूढी आहे.) तुम्ही जो प्रश्न विचारलाय त्याचं उत्तर या दोन्ही आकड्यांत नाही, त्यामुळे कोण जिंकलं तरी हाती काही लागत नाही.

तुमच्या तक्त्यात 150 ओळी आहेत, पण वाट्या तीनच आहेत. बोअरच्या पाण्याची वाटी समजा गॅसजवळ होती, किंवा तिच्यावरचं फडकं जाड होतं, किंवा तिच्यात पाणी थोडं जास्त पडलं. जे झालं ते त्या वाटीतल्या पन्नासही दाण्यांना एकदमच झालं. एका घरातल्या पन्नास माणसांना विचारून पन्नास घरांचं मत कळत नाही, तसंच हे. बोअरच्या वाटीतले मोड आखूड निघाले तर दोष पाण्याचा की वाटीचा, हे त्या तक्त्यातून कुणालाच काढता येणार नाही. अनोव्हाने मुकाट्याने एररला 147 डिग्रीज ऑफ फ्रीडम दिल्या, म्हणजे योगायोगाची चढउतार जोखायला 147 स्वतंत्र आकडे आहेत असं धरलं, कारण त्याला वाटी दिसतच नाही, दाणेच दिसतात. वाटीला एकक मानून हिशेब केला तर एररची डिग्री ऑफ फ्रीडम शून्य येते. त्यावर प्रत्येक वाटी वेगळ्या माणसाने मापली. म्हणजे पाणी, वाटी आणि मापणारा हात, तिन्ही एकाच गाठीत.

हे तुमच्याच हातून झालंय असं समजू नकोस. 1984 साली स्टुअर्ट हर्लबर्ट या अमेरिकन परिसंस्था-अभ्यासकाने त्याच्या क्षेत्रातले छापून आलेले प्रयोग तपासले, तेव्हा हाच घोळ भल्याभल्यांच्या निबंधांत सापडला. त्याने त्याला स्यूडोरेप्लिकेशन म्हटलं, म्हणजे खोटी पुनरावृत्ती. तो शब्द तुमच्या एक्सटर्नलला पाठ असेल असं धरून चाला.

अजून 50 दाणे टाकायची सूचना म्हणूनच बाद. त्याच वाट्यांत दाणे वाढवून काय होतं ते आकड्यांत बघ. समजा एकाच वाटीतल्या दाण्यांच्या मोडांचा एसडी (सरासरीभोवती आकडे किती पसरलेत त्याचं माप) 6 मिमी आहे आणि पाणी तेच ठेवून वाट्या बदलल्या तर वाट्यांच्या सरासरीत येणारा एसडी 3 मिमी आहे. प्रत्येक पाण्याला एकूण 250 दाणे द्यायचे ठरवले. सगळे एकाच वाटीत टाकले तर त्या पाण्याच्या सरासरीची स्टँडर्ड एरर (सरासरी किती डळमळीत आहे त्याचं माप) 3 मिमीच्या आसपास येते. पाच वाट्यांत 50-50 टाकले तर 1.4. दहा वाट्यांत 25-25 टाकले तर 1.0. दाणे तेवढेच, मापायची मेहनत तेवढीच. सूत्र तुला येतं: वाटीच्या सरासरीचं व्हेरियन्स (एसडीचा वर्ग) 9 अधिक 36 भागिले दाणे, आणि त्या सगळ्याला वाट्यांच्या संख्येने भागायचं. दाण्यांनी फक्त दुसरा तुकडा लहान होतो, वाट्यांनी दोन्ही. शिवाय पी-व्हॅल्यू बघून मग दाणे वाढवायचे, पुन्हा बघायची, पुन्हा वाढवायचे, असं केलं तर कधी ना कधी ती 0.05 खाली येतेच. त्याला शोध म्हणत नाहीत.

आता नवी आखणी. तुम्ही पाच जण आहात ही अडचण नाही, उलट तोच तुमचा फायदा आहे. कामाची वाटणी करताना ‘तू नळाचं बघ, मी बोअरचं बघते’ ही सगळ्यात सहज सुचणारी आणि सगळ्यात वाईट वाटणी. तिन्ही पाणी प्रत्येकाच्या घरी जायला हवीत. एका घरात तीन वाट्या, तो एक ब्लॉक. दोन शनिवार-रविवार मिळून दोन फेऱ्या करा: पाच घरं गुणिले दोन फेऱ्या, दहा ब्लॉक, तीस वाट्या, प्रत्येकीत 25 दाणे. एकूण 29 डिग्रीज ऑफ फ्रीडम, त्यातल्या 9 ब्लॉकच्या, 2 पाण्याच्या, उरलेल्या 18 एररच्या. तुमच्या पुस्तकातलं साधं रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन आहे हे.

ब्लॉकने नेमकं काय होतं? समजा तुझं स्वयंपाकघर उबदार आहे आणि तिथे सरासरी मोड नळाच्या पाण्यात 23 मिमी, बोअरच्या 20, आरओच्या 24 आले. क्रिकेटवाल्याच्या घरी गारवा आहे, तिथे 14, 11, 15. दोन घरांत 9 मिमीचा फरक, पण नळ आणि बोअर यांच्यातलं अंतर दोन्हीकडे 3च. घर न लिहिता सगळे आकडे एकत्र ओतले तर हे 3 त्या 9 मध्ये बुडून जातात. घर लिहिलं की वर येतात.

दाणे एकाच दुकानातल्या एकाच पुड्यातले घ्या, एका परातीत कालवा आणि मगच पाच जणांत वाटा. निवडताना फुटके काढायचे असतील तर वाटण्याआधी काढा, नंतर नाही. पाणीही एका जागचं: एकच नळ, एकच बोअर, एकच आरओ मशीन, डबे भरून सगळ्यांना द्या. मग रिपोर्टमध्ये ‘बोअरचं पाणी मोडांना वाईट’ असं लिहायचा मोह आवरा, कारण तुम्ही साताऱ्यातला एक बोअर तपासलाय, बोअरची अख्खी जात नाही. ‘या बोअरचं पाणी’ असं लिहा.

कुठली वाटी खिडकीशी आणि कुठली ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. प्रत्येक घरात, प्रत्येक फेरीत वेगळ्या चिठ्ठ्या. ‘मी अशीच कुठेही ठेवली’ म्हणजे रँडमायझेशन नव्हे. माणूस अशीच कुठेही ठेवतो तेव्हा आरओचीच वाटी नीट जागी जाते. वाट्यांना 1 ते 30 नंबर द्या. पाणी घालायचं काम आईकडे किंवा भावाकडे सोपवा, कुठल्या नंबरात कुठलं पाणी ही यादी त्यांनी पाकिटात घालून गाईड मॅडमना द्यावी. मापणाऱ्याला फक्त नंबर दिसला पाहिजे. पाणी घालायला औषधाच्या बाटलीचं मापाचं टोपण चांगलं. शनिवारी रात्री नऊला भिजत घालायची, रविवारी सकाळी सातला उपसून ओल्या फडक्यात, सोमवारी संध्याकाळी सातला मोजायची. पाचही घरांत घड्याळ एकच.

मापण्यावर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त प्रयोग इथे बिघडतात आणि सगळ्यात कमी चर्चा याचीच होते. मटकीचा मोड सरळ नसतो, शेपटीसारखा वळलेला असतो. एकजण पट्टी लावून टोकापासून टोकापर्यंतचं अंतर घेतो, दुसरी वळणावळणाने मोजते. कुणी दाण्याच्या पोटापासून सुरुवात करतं, कुणी सालीच्या कडेपासून. आणि टोक तुटलं तर? नियम आधी लिहा: सुरुवात सालीच्या कडेपासून, ओला दोरा मोडाच्या अंगाने बसवायचा, मग तो दोरा पट्टीवर सरळ करायचा, पूर्ण मिलिमीटरमध्ये लिहायचं. टोक तुटलेल्या दाण्यापुढे ‘तु’ लिहायचं आणि आकडा लिहायचा नाही. पहिल्या फेरीआधी पाचही जणांनी एकत्र बसून तेच दहा मोड मापा, एकमेकांचे आकडे न बघता. तुझे सगळे आकडे मैत्रिणीपेक्षा दोनेक मिमी जास्त निघाले तर तिथेच कळेल.

‘खूप आकडे घेतले की चुका आपोआप कटतात’ असं कुणी म्हणालं तर त्याला तुमच्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची गोष्ट सांग. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म 1911, गाव बुध. फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला गेले, पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेत आणि नंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. 1940 च्या दशकात देशातल्या पिकांचा अंदाज शेतात ठरावीक तुकडा कापून, धान्य तोलून काढायचा प्रयत्न चालू होता. दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे, कारण ते स्वस्तात भरपूर घेता येतात. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असला की उत्पादन फुगून येतं. का? तर कडेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणारा माणूस बहुतेकदा ते आत धरतो. लहान तुकड्यात कडेचा वाटा मोठा, म्हणून फुगवटाही मोठा. असे हजार तुकडे कापले तरी फुगवटा तेवढाच राहतो, फक्त चुकीच्या आकड्यावरचा आपला विश्वास वाढतो. तुमचं सालीच्या कडेचं भांडण त्याच जातीचं आहे. मात्र प्रत्येक हाताकडे तिन्ही पाणी असतील तर हाताचा कल तिन्हींत सारखाच मिसळतो आणि वजाबाकीत निघून जातो. ब्लॉक करायचं हेही एक कारण.

शून्य आणि कोरा रकाना हा वाद तर तुम्ही दाणे भिजवायच्या आधी मिटवायला हवा होता. मोड आला का, हा एक प्रश्न. आलेला मोड किती लांब, हा दुसरा. दोन्ही एका रकान्यात कोंबू नका. एका दाण्याला एक ओळ आणि रकाने असे: घर, फेरी, वाटी नंबर, दाणा नंबर, मोड आला/नाही, लांबी, शेरा. लांबीची सरासरी मोड आलेल्या दाण्यांचीच काढा, पण शेजारी 25 पैकी किती उगवले तेही छापा. एखाद्या पाण्यात दमदार दाणेच तेवढे उगवले आणि बाकीचे मेले, तर त्या वाटीची सरासरी लांबी उगीच छान दिसेल. हे दोन आकडे शेजारी असले की वाचणाऱ्याला ते लगेच दिसतं.

आणि रिकामे आकडे येणारच. कुणाच्या वाटीला बुरशी येईल, कुणाची आई सोमवारी दुपारी वाटी नंबर 17 ची उसळ करून टाकेल. (करतेच. फडक्यावर ‘प्रयोग’ असं लिहून ठेवा, तरीही करेल.) उसळीत गेलेली वाटी निर्धास्तपणे ‘गहाळ’ लिहा, तिचा पाण्याशी संबंध नाही. बुरशी आलेली वाटी मात्र तशी नाही. बुरशी एकाच पाण्याच्या वाट्यांना येत असेल तर ती बातमी आहे, कचरा नाही. म्हणून काय गेलं यासोबत का गेलं, हेही लिहायचं.

आता ते चार विचित्र दाणे. तो मुलगा लबाड आहे असं मला वाटत नाही. 0.07 बघितल्यावर माणसाच्या डोळ्याला दाणे विचित्र दिसायला लागतात. 0.03 आली असती तर त्याने ते चार दाणे शोधलेच नसते. कारण मापण्यातलं असेल, म्हणजे टोक तुटलंय किंवा 18 च्या जागी 81 लिहिलंय, तर काढा किंवा दुरुस्त करा आणि तशी नोंद ठेवा. नुसतं ‘फारच लांब आहे’ हे कारण नाही. मटकीला लांब व्हायची परवानगी आहे.

ग्रुपने विश्लेषण करण्याबद्दल एक खरा प्रयोग सांगते, तुमच्या ग्रुपवर वाचून दाखव. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात फुटबॉलमधल्या लाल कार्डांची एकच माहिती 29 संघांना दिली, एकूण 61 विश्लेषक. प्रश्न एकच: गडद कातडीच्या खेळाडूंना रेफ्री जास्त लाल कार्डं देतात का? 20 संघांना संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठळक संबंध दिसला, 9 संघांना नाही. सगळी जाणती माणसं, फसवणूक कुणाचीच नाही. कुणी कुठले घटक हिशेबात धरले, कुणी कुठलं मॉडेल लावलं, एवढाच फरक. तुमच्या घरगुती पाच जणांत 0.07 आणि 0.03 निघाले यात नवल नाही. यावर उपाय म्हणजे विश्लेषणाचा रस्ता आकडे यायच्या आधी कागदावर उतरवणं: मुख्य मोजमाप कुठलं, वाटी कधी बाद, दाणा कधी बाद, कुठली चाचणी. एक पान पुरतं. त्यावर पाच जणांच्या सह्या, तारीख, आणि मटकी भिजायच्या आधी गाईड मॅडमच्या हातात. भांडायचं ते त्या पानावर भांडून घ्या, पोटभर.

आकडे आल्यावर दोघांनी स्वतंत्रपणे भरा आणि दोन फाइली एकमेकींशी ताडून बघा. मूळ फाइलला नंतर कुणी हात लावायचा नाही, दुरुस्त्या वेगळ्या प्रतीत. मग दाणे बाजूला ठेवून प्रत्येक वाटीची एक सरासरी काढा. तीस आकडे उरतात, आणि विश्लेषण या तिसांचंच. गाईड मॅडमनी पाकिटातली पाण्यांची नावं आधी क, ख, ग अशी करून द्यावी. आधी आलेख: आडव्या अक्षावर तीन पाणी, प्रत्येक ब्लॉकचे तीन ठिपके रेषेने जोडलेले. दहाही रेषा एकाच बाजूला झुकतात का ते डोळ्यांनी बघा, अर्धं उत्तर तिथेच आहे. मग दोघांनी वेगवेगळा अनोव्हा करावा, एकाने हाताने, एकाने एक्सेलवर. एफ म्हणजे पाण्यांमधली चढउतार एररच्या चढउताराच्या किती पट आहे तो आकडा; 5 टक्के पातळीला 2 आणि 18 डिग्रीज ऑफ फ्रीडमवर त्याची मर्यादा 3.55. दोघांची उत्तरं जुळली की खरी नावं उघडा, त्याआधी नाही.

एफ ठळक आला तर कुठल्या जोडीत फरक, हे क्रिटिकल डिफरन्सने (सीडी: दोन सरासरींत निदान एवढा फरक हवा) बघा. समजा एरर मीन स्क्वेअर (ब्लॉक आणि पाणी वगळून उरलेल्या चढउताराचं माप) 5 आला, तर सीडी 2.101 गुणिले वर्गमुळात 2 गुणिले 5 भागिले 10, म्हणजे 2.1 मिमी. नळ आणि बोअर यांच्यात 3 मिमीचा फरक असेल तर ‘फरक 0.9 ते 5.1 मिमी’ असं लिहा. नुसता तारांकित आकडा देण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. आणि एफ ठळक आलाच नाही तर? तर तसंच लिहा आणि अंतर किती ते मर्यादांसकट द्या. ‘पाण्याने फरक पडत नाही’ असं मात्र लिहू नका, तीस वाट्यांना तेवढं बोलता येत नाही. ‘काहीच निघालं नाही’ म्हणून प्रोजेक्टचे मार्क जात नाहीत, निदान जाणत्या परीक्षकाकडे तरी.

जुने 150 आकडे फेकू नकोस. ते पहिली चाचपणी म्हणून रिपोर्टमध्ये द्या, वाटीच्या आतला एसडी त्यातूनच कळेल, आणि त्यातून काय शिकून आखणी बदलली ते दोन परिच्छेदांत लिहा. 0.07 आणि 0.03 दोन्ही छापा, चार दाण्यांच्या हकिकतीसकट. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1938 साली कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेत म्हणाले होते की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे बहुतेकदा शवविच्छेदन करून घेणं. मेला कशाने, एवढं तो सांगू शकतो. तुझं शवविच्छेदन प्रकरण दोनमध्ये छान बसेल.

राहिला तुझ्या गळ्यात पडलेल्या कामाचा प्रश्न. तू सगळं करतेस याचं एक कारण, राग मानू नकोस, कामाचे तुकडेच असे पडले होते की एकीने सगळं केलं तरी चालावं. नव्या आखणीत ते चालणार नाही. प्रत्येकाच्या घरी तीन वाट्या आहेत आणि त्या दुसऱ्याला मापता येत नाहीत. क्रिकेटवाल्याला त्याच्या वाट्यांचे नंबर आणि दोरा दे, प्रॅक्टिस सोमवारी सातला सुटत नसेल तर त्याने आधीच सांगावं आणि सगळ्यांचीच वेळ आठ करा. त्याच्या मागे लागू नकोस, त्याच्या वाट्या तू मापू नकोस, आणि त्याच्या नावाने आकडे तर अजिबात भरू नकोस. त्याने नाही केलं तर त्या फेरीतला त्याचा पूर्ण ब्लॉक कोरा राहील. तीनही पाण्यांचा एकेक आकडा एकदमच गेल्याने तुलना वाकडी होत नाही, एररच्या 18 डिग्रीज ऑफ फ्रीडमच्या 16 होतात, इतकंच. तक्त्याखाली ‘घर क्र. 5, फेरी 1: नोंद नाही’ अशी ओळ येईल, आणि ती कुणाच्या घराची ते मॅडमना सहीच्या कागदावरून कळेल. तुला तक्रार करायची गरज पडणार नाही.

लिखाणही वाटून घे. पद्धतीचं प्रकरण मैत्रिणीने लिहावं, फेरी सुरू व्हायच्या आधी. चार दाणे काढणाऱ्याने जुन्या आकड्यांची हकिकत लिहावी, त्याच्याइतकी ती कुणालाच ठाऊक नाही. ‘अजून 50 टाकू’ म्हणणाऱ्याला वाट्या विरुद्ध दाणे हा हिशेब फळ्यावर मांडायला लाव. आणि व्हायवाच्या आदल्या दिवशी पाचही जण बसा आणि एकमेकांना विचारा: एररच्या 18 कुठून आल्या, वाटीऐवजी दाणे का नाही मोजले, चिठ्ठ्या कुणी आणि कधी टाकल्या. पहिला प्रश्न क्रिकेटवाल्याला विचार.